चष्म्याची डबी

रशियन ओडर नदीपाशी आले, तेव्हा गावातले उरलेसुरले पुरुष गोळा करून आमच्या लष्कराने दोन दिवसांत नवी डिव्हिजन उभी केली. घड्याळजी ओटमारला तर दुकानातूनच उचललं. कामासाठी काढून ठेवलेला चष्मा टेबलावरच राहिला. त्याची बायको वाल्बुर्गा चष्म्याची डबी घेऊन रोज माझ्या टपालखिडकीशी यायची. “अगं, पाठव ना! त्याला हातभरापलीकडचं काही दिसत नाही.” “पाठवू कुठे? त्याच्या डिव्हिजनला अजून टपालाचा नंबरच मिळालेला नाही. तो काय मी घरी विणून आणू?” मी ऐकवायचे. तिसऱ्या आठवड्यात लष्कराचं पत्र आलं. मीच तिच्या हातात दिलं. ओटमार पहिल्याच चकमकीत ठार झाला होता. तिने पत्र दोनदा वाचलं, वरच्या कोपऱ्यातल्या आकड्यांवर बोट ठेवलं आणि डबी खिडकीतून आत सरकवली. “हा बघ, नंबर आला. मार शिक्का.” मी मारला.