चौथी पेटी

"तुम्ही स्योम्बुआबाईंचे यजमान ना?" मुटोमोहून मध घ्यायला आलेल्या बाईनं विचारलं, तेव्हा मुन्याओनं नुसती मान हलवली. या टेकड्यांत तीस वर्षं लोक तिला मुन्याओची बायको म्हणून ओळखत आले होते.

बाई पुढं निघून गेली. बाभळींच्या मध्ये तार ताणून पाच पेट्या छातीच्या उंचीवर टांगल्या होत्या, स्योम्बुआच्या मधाच्या गटातल्या बायकांना झाडावर चढावं लागू नये म्हणून. चार पेट्यांत माश्या होत्या. तिसरीतून स्योम्बुआ पोळी काढत होती. एकेक पोळं इतकं जड, की ती ते दोन्ही हातांनी तोलून धरत होती. मुन्याओ दगडावर बसून बघत राहिला.

त्याचे स्वतःचे चौदा पोकळ ओंडके उंच फांद्यांना टांगलेले होते. यंदा दोनांतच माश्या आल्या, बाकीच्यांत कोळ्यांनी जाळी केली. आपल्याच माश्या खाली उतरून बायकोकडं राहायला गेल्या, असं त्याच्या मनानं घेतलं होतं. काल पाणवठ्यावर गटातली कावुथा म्हणाली होती, "दाजी, झाडावर चढायचा दोर आता शेळ्या बांधायला घ्या." सगळ्या हसल्या. स्योम्बुआही हसली होती.

म्हणून आज सकाळी, ती शेळ्या सोडायला गेलेली असताना, त्यानं रॉकेलात भिजवलेला बोळा चौथ्या पेटीच्या तोंडात कोंबला होता. बोळ्याशेजारी माश्या बाहेर पडतील एवढी फट तेवढी ठेवली होती.

बायका तिसरी पेटी बंद करत असतानाच चौथीतल्या माश्या बाहेर पडू लागल्या. बघता बघता सगळं मोहोळ उठलं, घोंघावत वर गेलं आणि ओढ्याकाठच्या गोरखचिंचेवर, शेंड्याजवळच्या फांदीला लटकलं.

"गेल्या," कावुथा म्हणाली आणि खाली बसली. या मोहोळाचे दोन भाग करून एक तिला द्यायचा ठरला होता. नवरा गेल्यापासून तिच्याकडं चार कोंबड्यांपलीकडं काही नव्हतं. मुन्याओला हे ठाऊक होतं. सकाळी ते आठवलं मात्र नव्हतं.

स्योम्बुआ पेटीपाशी गेली. वाकून तिनं वास घेतला. बोळा दोन बोटांनी ओढून काढला आणि मुठीत दाबला. मग तिनं दगडावर बसलेल्या नवऱ्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं.

"काय झालं गं?" मुटोमोच्या बाईनं विचारलं.

"उन्हानं उठल्या असतील," स्योम्बुआ म्हणाली. "क्यालोचे बाबा, चढता का?"

कुणीतरी कसनुसं हसलं. मुन्याओ उठला. घरातून दोर आणला, त्याचं एक टोक आणि गोणपाट कमरेला बांधलं आणि बापानं खोडात ठोकलेल्या खुंट्यांवर पाय देत वर निघाला. खाली सगळ्याजणी माना वर करून उभ्या होत्या. मध घेणारी बाईही. कितीतरी महिन्यांनी लोक असे त्याच्याकडं बघत होते, आणि त्याला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची लाजही वाटली, पण थोडीच.

मोहोळ हाताच्या अंतरावर होतं. त्याच फांदीला त्याचा एक ओंडका टांगलेला होता, रिकामा. माश्या ज्याच्या ओंडक्यात त्याच्या, हा इथला कायदाच. एक हिसडा दिला असता तर मोहोळ आत गेलं असतं आणि कुणी चकार शब्द काढला नसता. त्यानं ओंडक्याचं झाकण सरकवलं.

मग खाली पाहिलं. दोराचं दुसरं टोक स्योम्बुआच्या हातात होतं. पाय रोवून, तोंडावरची जाळी मागं टाकून ती उभी होती. लग्न झाल्यापासून ती अशीच प्रत्येक झाडाखाली उभी राहिली होती. तो घसरला तर सावरायला दुसरं कुणी नव्हतं. मध बाजारात मुन्याओचा म्हणून जायचा.

एक माशी कानामागं डसली, एक पापणीवर, मग मानेवर किती ते त्यानं मोजलं नाही. त्यानं झाकण परत लावलं. गोणपाट फांदीखाली धरलं, फांदी हलवली, तोंड आवळलं आणि दोरावरून ओझं सावकाश खाली सोडलं.

स्योम्बुआनं ते छातीशी धरलं, कान लावून ऐकलं. "राणी आहे," ती म्हणाली. कावुथानं तिच्या हातून गोणपाट घेतलं आणि तिनं खुणावल्यावर पाचव्या, कोऱ्या पेटीकडं नेलं. बाकीच्या तिच्यामागं गेल्या.

मुन्याओ खाली उतरून खोडाला टेकला. चेहरा सुजायला लागला होता. स्योम्बुआ त्याच्यासमोर उकिडवी बसली आणि नखानं त्याच्या मानेतले काटे खरवडून काढू लागली. तिच्या बोटांना रॉकेलचा वास होता.

"दुखतंय?" तिनं विचारलं.

"नाही."

"दुखायला हवं," ती म्हणाली, आणि त्याची हनुवटी वळवून पुढचा काटा शोधू लागली.