दोघांचा अल्बम

"दादा, तिचा आवाज काढून टाका," तो म्हणाला.

रेकॉर्डिस्टने हेडफोन उतरवून त्याच्याकडे पाहिलं. एक गाणं गाऊन बायकोला धाप लागली होती, म्हणून तिला खाली गाडीत बसवून तो एकटाच परत वर आला होता.

बँड दोघांचाच. ती गायची, तो गिटार वाजवायचा. ड्रीम पॉप म्हणजे नक्की काय, असं नातेवाइकांनी विचारलं की ती म्हणायची, झोप आणि जाग यांच्या मधलं गाणं. त्यावर सासरे म्हणायचे, म्हणूनच आम्हाला डुलकी लागते. लग्नाआधीपासून दोघं असंच धुक्यातलं संगीत करत आले होते.

आता तिच्या घशातली गाठ काढली होती, पण दुखणं पसरलं होतं. डॉक्टरांनी हातचं न राखता सांगितलं होतं. हा अल्बम शेवटचा, हे दोघांनाही ठाऊक होतं. बोलत मात्र कुणीच नव्हतं.

आवाज पार फाटला होता. औषधांनी कानही जड झाले होते, त्यामुळे आपण बेसूर होतोय हे तिला उमगत नव्हतं. त्याने एक मुलगी शोधली होती. तिचा आवाज बायकोच्या पूर्वीच्या आवाजाशी हुबेहूब जुळायचा. तिच्याकडून सगळी गाणी गाऊन घ्यायची. वर भरपूर घुमारा चढवला की कुणाला काही कळणार नाही.

"तिला कळता कामा नये," तो म्हणाला.

रेकॉर्डिस्टने हेडफोन टेबलावर ठेवले. मग त्याने विचारलं, "आणि गिटार?"

"गिटार आहे तशीच राहू दे. तिला आवडलीय."

रेकॉर्डिस्टने मान हलवली.

अल्बम तयार झाला त्या दुपारी ती जिन्यात दोनदा थांबत वर आली. खुर्चीत बसून, डोळे मिटून तिने सगळी गाणी ऐकली. तो समोर बसून फक्त तिच्या चेहऱ्याकडे पाहत होता. शेवटचं गाणं संपलं तेव्हा तिच्या गालांवरून पाणी ओघळत होतं.

"इतका चांगला लागला होता माझा आवाज?" तिने विचारलं.

"पहिल्यापासून चांगलाच लागतो तुझा," तो म्हणाला. त्याचा जीव भांड्यात पडला. गाडी दाराशी आणतो म्हणून तो खाली गेला तेव्हा कितीतरी महिन्यांनी त्याची पावलं हलकी पडत होती.

दार लागल्यावर तिने रेकॉर्डिस्टला जवळ बोलावलं. बोलतानाही तिला त्रास होत होता.

"त्याला संशय आला नाही ना, दादा?"

"नाही."

"मला धाकधूक होती. पण माझं गाणं लागलं की त्याचं दुसरीकडे लक्षच नसतं. त्याची बोटं आता पूर्वीसारखी वळत नाहीत, बघूनच कळतं मला; पण हे त्याला तुम्ही कधी सांगू नका. मी गेल्यावर गिटार तेवढी उरेल त्याच्याकडे." ती जराशी हसली. "आणि आपण काही अगदीच फसवलं नाही त्याला. गिटार दुसऱ्याची असली, तरी आवाज तर माझाच आहे ना."