दुरुस्तीची चौथी जागा

"पुन्हा वाचते," लेक म्हणाली.

"दोनदा झालं की वाचून," बाबा म्हणाले. मोतीबिंदूचं ऑपरेशन होऊन चारच दिवस झाले होते. डोळ्यांवर काळा चष्मा आणि स्क्रीनकडे बघायची सक्त मनाई. त्यामुळे बावीस वर्षांपूर्वी स्वतः लिहिलेला प्रोग्रॅम ते जेवणाच्या टेबलाशी बसून नुसता ऐकत होते, आणि पार वैतागले होते.

वैतागतील नाही तर काय. ज्या कंपनीतून ते निवृत्त झाले, तिथेच लेक आता सुरक्षेचं काम बघत होती, आणि तिला सापडलेली फट नेमकी बाबांच्या हातची निघाली होती. तशी साधीच. येणाऱ्या प्रत्येक फाइलवर 'माझी लांबी इतकी' असं लिहिलेलं असतं. बाबांच्या त्या तुकड्याने ते खरं मानलं होतं, आत खरोखर तितकं आहे का हे मोजलंच नव्हतं. कुणी खोटी लांबी लिहून फाइल धाडली की यंत्र त्याच्या ताब्यात. आणि हा तुकडा बसला होता ऑपरेटिंग सिस्टिमच्या अगदी पायातल्या लायब्ररीत, बाकीचे सगळे प्रोग्रॅम जिच्यातून तयार कोड उसना घेतात तिथे. म्हणजे तिच्यावर चालणारे झाडून सगळे फोन आले, दवाखान्यातली यंत्रंही आली.

त्या प्रोग्रॅममध्ये फट तीन ठिकाणी होती. तिन्ही तिने बुजवल्या होत्या. दुरुस्ती उद्या दुपारी बाराला जाहीर व्हायची होती. पण जाहीर झालेली दुरुस्ती चोरही वाचतात, आणि तीच चूक आणखी कुठे राहून गेलीय का, हे सगळ्यांत आधी तेच बघतात. एखादी जागा राहिली, तर आपणच त्यांना पत्ता दिल्यासारखं. म्हणून साहेबांची परवानगी काढून लेक सकाळीच माहेरी येऊन बसली होती.

"बाबा, नीट आठवा. हे आणखी कुठे वापरलंत?"

"नाही म्हटलं ना. एकदा लिहिलेलं मी दुसरीकडे चिकटवत नाही. उभ्या जन्मात नाही."

आई पलंगावर कपड्यांच्या घड्या घालत होती. "अहो, वाचू दे की तिला. नाहीतरी दिवसभर बसून पंख्याचे फेरेच मोजताय."

लेक हट्टालाच पेटली होती. तिने पहिल्या ओळीपासून तिसऱ्यांदा सुरुवात केली, एकेक कंस, एकेक चिन्ह उच्चारत. बाबांची बोटं टेबलावर हळूहळू हलत होती. सोळाव्या ओळीला बोटं थांबली.

"थांब जरा," ते म्हणाले.

"काय झालं, बाबा?"

"अक्षरांचे आकार वाचणारी एक फाइल आहे. फॉन्टची. तिच्या शेवटाकडे बघ."

"तिथे शोधलंय मी. यातलं एकही नाव नाही तिथे."

"नावं नाही सापडायची. नावं मी बदलली होती." बाबांचा आवाज खाली आला होता. "काम अंगावर आलं होतं. हेच उचललं, तिथे चिकटवलं. कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून नावं बदलली, ओळी खालीवर केल्या. तेव्हा नक्कल केली म्हणून टीममध्ये सगळ्यांना झापणारा मीच होतो. आता विसरलो होतो म्हण, की विसरायचं ठरवलं होतं म्हण."

आई घडी अर्धवट टाकून त्यांच्याकडे बघत राहिली. लेकीने कॉलेजात असताना दुसऱ्याचा प्रोग्रॅम उतरवला होता, तेव्हा दोन दिवस अबोला धरणारे हेच बाबा. लेकीला रागही आला आणि त्यांच्याबद्दल वाईटही वाटलं. पण ते सगळं नंतर. तिने फॉन्टची फाइल उघडली.

होतं. वेगळी नावं, उलटसुलट ओळी, पण तेच.

मग ती उठलीच नाही. लांबी मोजणाऱ्या ओळी घातल्या, मुद्दाम खोट्या लांबीची फाइल बनवून आत सोडली. यंत्राने ती परतवून लावली. आईने बाबांच्या डोळ्यांत औषधाचे थेंब घातले, सगळ्यांची जेवणं झाली, आणि लेक डाव्या हाताने घास घेत उजव्या हाताने आणखी चाळीस फायली सोडत राहिली. चाळीसही परत आल्या.

दुरुस्तीबरोबर एक टिपण जोडावं लागतं. त्यात दोन नावं लिहायची असतात: चूक कुणाची, आणि ती दाखवून दिली कुणी. पहिल्या जागी लेकीने बाबांचं नाव लिहिलं. दुसरं नाव तिने मोठ्याने म्हणत लिहिलं.

"माझं? ते खोड," बाबा म्हणाले. "दाखवणारा कसला? मी लपवणारा."

"लपवलंत तेव्हा. दाखवलंत आज," लेक म्हणाली, आणि काहीही न खोडता तिने टिपण पाठवून दिलं.