भाऊंची थांबायची जागा

"पुन्हा अडखळलात," ती म्हणाली आणि तिने मांडीवरच्या अकॉर्डियनचा भाता मिटला. अकॉर्डियन बाबांचं होतं, या मंडळींच्या भाऊंचं. पट्टे तिच्या खांद्याला अजून सैल होत होते.

सभागृहामागच्या त्या चिंचोळ्या खोलीत सगळे एकमेकांची तोंडं बघायला लागले. क्लॅरिनेटवाल्या वायरमनने मान खाली घातली. दातांच्या डॉक्टरांनी व्हायोलिन काखेत धरून उगाचच चष्मा पुसला. ड्रमवर बसलेल्या बेकरीवाल्याला मात्र हसू आवरेना.

"आम्ही कुठे अडखळलो, पोरी? ती भाऊंची थांबायची जागा आहे."

"तीच तर चूक आहे, काका. मूळ धून तिथे थांबत नाही. दुसरी ओळ संपली की सरळ तिसरीत जायचं."

"सरळ कधी गेलोच नाही गं आम्ही," वायरमन पुटपुटला. "भाऊ थांबायचे, आम्ही थांबायचो."

बाहेर खुर्च्या सरकवल्याचे आवाज येत होते. आठवडाभर चष्मे बनवणाऱ्या आणि दर रविवारी दुकानात या मंडळींना घेऊन वाजवत बसणाऱ्या एका माणसाच्या आठवणीसाठी लोक जमत होते. पहिल्या रांगेत तिच्या संगीत महाविद्यालयातली मंडळी येऊन बसली होती. त्यांनी बाबांना कधी पाहिलं नव्हतं. त्यांच्यापुढे बाबा म्हणजे आता ही एवढी एकच धून. महाविद्यालयात 'हौशी' हा शब्द कसा ओठ मुरडून म्हणतात, ते ती रोज ऐकत होती. आज बाबांचं नाव निघाल्यावर कुणी शेजारच्याकडे बघून तसं हसलेलं तिला नको होतं.

"एकदा शेवटचं," ती म्हणाली. "माझ्याकडे बघा आणि थांबू नका."

त्यांनी सुरू केलं. पहिली ओळ झकास गेली. दुसरीही. ती तिसरीत शिरली आणि एकटीच पुढे निघून गेली. मागे क्लॅरिनेट गप्प, व्हायोलिनचा गज अधांतरी, ड्रमच्या काठ्या हवेत. मग सगळे मिळून असे धाडकन येऊन पडले, की जणू जिन्यावरून भांड्यांची उतरंड घरंगळावी. ती वैतागून वळली आणि वळल्यावर तिला दिसलं.

"आणि हे सगळे पाय कशाला पुढे करता?"

"ते करावंच लागतं," डॉक्टर गंभीरपणे म्हणाले. "पाय हळूच पुढे, हळूच मागे. त्याशिवाय पुढचा सूर नीट लागत नाही. भाऊही करायचे. आम्हाला वाटलं, काहीतरी शास्त्र असेल."

कोपऱ्यातल्या स्टुलावर आई बसली होती. ती इतका वेळ गप्प होती. आता ती हसायला लागली आणि हसता हसता तिला पदर डोळ्यांना लावावा लागला.

"शास्त्र कसलं डोंबलाचं! पाळणा होता तो."

"कुठला पाळणा, वहिनी?"

"हिचा. माझी दवाखान्यात रात्रपाळी असायची, ही यांच्याकडे. आणि रडकी तर अशी, की विचारू नका. वाजवणं थांबलं की भोकाड. पाळणा थांबला की भोकाड. दोन्ही हात या अकॉर्डियनमध्ये अडकलेले, मग पायानं झोका द्यायचे. पाय हलला की मांडीवरची पेटी हलायची, म्हणून तेवढ्यापुरता सूर सोडायचे." तिने नाक पुसलं. "ही मोठी झाली, पाळणा कुणाला तरी देऊन टाकला. पाय काही ऐकेना त्यांचा."

सगळ्यांच्या नजरा आपापल्या पायांकडे गेल्या.

"म्हणजे," बेकरीवाला सावकाश म्हणाला, "इतकी वर्षं आम्ही सगळे मिळून हिला झोपवत होतो?"

"आणि हे डॉक्टर सगळ्यात जोरात झोका देतात," वायरमन म्हणाला. "पोर पडायची एखादी!"

एकच हशा उडाला. तेवढ्यात दारावर थाप पडली. लोक खोळंबले होते. डॉक्टर तिच्याजवळ आले.

"तू म्हणशील तसं, बेटा. सरळ तर सरळ. जमवू कसंतरी."

 तिने खांद्यावरचे पट्टे आवळले आणि रंगमंचाकडे निघाली.

पहिली ओळ. दुसरी ओळ. पहिल्या रांगेतल्या लोकांनी ठेका धरला होता. ओळ संपली आणि तिने बोटं उचलली.

सगळे तिच्याबरोबर थांबले, अगदी एकाच क्षणी. त्या शांततेत पहिल्या रांगेतली एकच टाळी चुकून पुढे गेली आणि तिचे विभागप्रमुख दचकून आपल्याच हातांकडे बघू लागले. मागच्या रांगांना ती जागा पाठ होती. त्यांनी ती रविवारमागून रविवार चष्म्याच्या दुकानाच्या खिडकीतून ऐकली होती. मग तिसऱ्या ओळीचा पहिला सूर सगळ्यांनी असा झेलला, की खिडक्यांच्या काचा झणाणल्या. मागून कुणीतरी ओरडलं, "भाऊ!" आणि सगळं सभागृह उभं राहिलं.

"परत!" लोक ओरडत होते. "परत!" विभागप्रमुखही ओरडत होते.

तिने परत सुरू केलं. या खेपेला पुढून मागून सगळे टाळ्या देत होते. दुसरी ओळ संपली. तिने बोटं उचलली, पाय पुढे केला, मागे घेतला. बाबा थांबायचे त्याहून थोडी जास्तच थांबली.

कुणीही पुढे गेलं नाही.