दुसऱ्या गिअरवर

जिनिंगच्या काट्यावर दिवसभर कापसाच्या गाड्यांचं वजन करून प्रफुल देवळीला घरी यायचा, तेव्हा त्याच्या अंगात काही त्राण उरलेलं नसायचं. तरी चहा झाला की तो कॉम्प्युटरसमोर बसायचा अन् तासभर बस चालवायचा गेम खेळायचा. तेही सुखानं नाही. त्याचे बाबा, नानाजी, एसटीत अठ्ठावीस वर्षं ड्रायव्हर होते. मागच्या पोळ्याला लकवा मारला तेव्हापासून त्यांनी अंथरूण धरलेलं, पण बाजूच्या खाटेवरून टोकणं सुटलं नव्हतं.

"घाट हाय समोर. दुसऱ्यावर घे ना बे."

घाट कधीच मागे पडलेला असायचा. तरी प्रफुल जांभई देत गिअर उतरवायचा.

"जांभया देत देत तं खेळता," त्याची बायको गुंजन म्हणाली. "मंग नवा मॉनिटर काऊन पायजे तुमाले?"

प्रफुलनं पुन्हा गिअर उतरवला.

रविवारी वर्ध्याच्या दुकानदारानं सगळ्यात भारी, कर्व्हवाला गेमिंग मॉनिटर लावून दाखवला. प्रफुलनं तो समोरून पाहिला. मग पार कोपऱ्यातल्या स्टुलावर जाऊन बसला अन् तिथून तिरपा पाहिला.

"इथून तं रस्ताच दिसून नाई राह्यला."

"तिथून कोण पाहते, भाऊ? खेळणारा समोरच बसते ना."



"समोर मी बसतो. ड्रायव्हर बाजूले राह्यते."