शामाची चौकशी

चित्रांच्या पुस्तकासाठी एखादं पात्र काढायचं झालं, की मी आधी त्याचं मागचं सगळं आयुष्य वहीत लिहून काढतो. चेहरा त्यानंतर. या वेळी होती शामा: वय एकतीस, राहणार मेकनेस, भट्टीवर लोकांनी घरून आणलेले पाव भाजून देते आणि त्यांच्या कडा गुपचूप मोडून खाते. मांजराला भिते, पण कबूल करत नाही.

ती वही आईच्या हाती लागली. मला छत्तिसावं उलटलंय आणि अजून लग्नाचा पत्ता नाही, त्यामुळे तिने मला काही विचारलंसुद्धा नाही. बादली-साबण घेऊन तडक बायकांच्या सार्वजनिक हमामात गेली. आमच्या फेझमध्ये मुलीची चौकशी तिथेच होते.

परतली ती केसही न पुसता.

"अन्वर, त्या शामाचं नाव या घरात पुन्हा काढायचं नाही!"

"अगं आई, अशी कुणी मुलगीच नाहीये. पुस्तकासाठी मीच मनाने रचलीय तिला."

"आता झाकतोस होय रे? सात जणी होत्या तिथे, पाच जणींनी लगेच ओळखलं तिला. भाऊ बेल्जियमला पळालाय म्हणे. आणि ती अंग चोळून देणारी रकिया, ती तर तिच्या साखरपुड्यात जेवून आलीय. तो मोडला, हे तरी ठाऊक आहे का तुला?"

मी हळूच वही जवळ ओढली.


"का मोडला गं?"