डॉक्टर गोड बोलले

"बसा ना बाई," डॉक्टर हरकरे रुख्माला म्हणाले.

ती बसली नाही. खांद्यावर चार वर्षांची दुर्पता होती. पोरीच्या छातीतून प्रत्येक श्वासाला शिट्टीसारखा आवाज येत होता. सौंदडहून सकाळच्या गाडीत बसल्यापासून रुख्मा तो आवाज ऐकत आली होती. पण खरी धडकी तिला आता भरली, या तीन शब्दांनी.

कारण हरकरे डॉक्टर कोणाला बसा म्हणत नसत. सत्तावन्न सालच्या गोंदियात पोरांच्या नाक-कान-घशाचा डॉक्टर एवढा एकच, आणि एकच असल्यामुळे गोड बोलण्याची गरज त्यांना कधी पडली नव्हती. कान फुटलेल्या पोराच्या बापाला ते गाढव म्हणत. नाकात चिंचोका गेला तर आईच्या सात पिढ्यांची अक्कल काढत, आणि बोलता बोलता चिंचोकाही काढत. लोकांनी त्याचा अर्थ नीट लावून घेतला होता: शिव्या पडल्या की पोरगं बरं होतं. आईबाप शिव्या खाऊन हसत घरी जात आणि आपल्याला किती पडल्या ते गावात मोठ्या मानानं सांगत. गेल्या पोळ्याला रुख्माच्या जावेला डॉक्टरांनी म्हैस म्हटलं, तर तिच्या पोराचा वाहता कान आठवड्यात कोरडा झाला. डॉक्टर गोड बोलल्याच्या गोष्टी मात्र दोनच होत्या. त्या कोणी पुढे सांगत नसे.

"लाखोळीचा दाणा श्वासनळीत गेलाय," डॉक्टर हळू आवाजात म्हणाले. "ओला होऊन फुगतोय. आणखी फुगायच्या आत नळी घालून काढावा लागेल. काळजी करू नका. देव आहे."

देवाचं नाव ऐकताच बाकावरचे दुलीचंद शेठ उठले. नातवाचा कान दाखवायला आले होते. "हम कल आएँगे," म्हणत त्यांनी नातवाला काखेत मारलं, आणि जोडे पायात घालायचीही वाट न पाहता ते हातात घेऊन निघाले.

रुख्माचा नवरा दुधराम तेवढा सुखावला होता. "पाह्य ना," तो कुजबुजला, "एवढा मोठा डाक्टर, पण कसा इज्जतीनं बोलून राहिला आपल्यासंग."

"चूप राहा," रुख्मा म्हणाली. ती डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिली. "डाक्टरसाब, मले रागवा जी."

"काय?"

"रागवा. पोरगी दाणे खाऊन राहिली होती, तवा माहं ध्यान नव्हतं. गधी म्हणा. काई पन म्हणा."

डॉक्टरांनी तोंड उघडलं. सगळा व्हरांडा कान देऊन होता. "तुम्ही," ते म्हणाले, आणि थांबले. "तुम्ही जरा लक्ष द्यायला हवं होतं, बाई."

एवढंच निघालं. तेही माफी मागितल्यासारखं.

मग रुख्माला त्यांचे हात दिसले. उजवा कापत होता. त्यांनी तो डाव्यात धरला, तर दोन्ही कापायला लागले. इतका वेळ तिला वाटत होतं, गोड बोलणं म्हणजे निकाल. हे तर निव्वळ भ्याव होतं. भ्यालेले पुरुष तिनं पुष्कळ पाहिले होते. धानाच्या रोवणीच्या चिखलात साप निघाला की त्यांचीही बोली अशीच मऊ होते.

"काऊन कापून राहिला रे?" ती म्हणाली. दुधरामनं डोळे मिटून घेतले. "एवढं शिकला ते कायले? लाखोळीच्या दाण्याले भ्याला? माह्या पोरीचा दम घुटून राहिला, आन् तू देवाचं नाव घेऊन राहिला. ते घ्याले माही सासू हाये घरी. धर हिले. जा अंदर."

त्या दवाखान्यात शिव्या आजवर एकाच दिशेनं वाहत आल्या होत्या. डॉक्टरांच्या गालावर थोबाडीत बसल्यासारखा रंग चढला. त्यांनी दुर्पताला घेतलं. घेताना हात स्थिर होते की नव्हते, हे बघायचा धीर रुख्माला झाला नाही. दार लागलं.

दाराखालून ईथरचा वास आला. छातीतली शिट्टी आतून थोडा वेळ ऐकू येत राहिली. मग ती थांबली. काहीच ऐकू येईना. कंपाउंडर घाईनं बाहेर आला, गरम पाण्याचं भांडं घेऊन पुन्हा आत गेला, आणि दोन्ही वेळा त्यानं तिच्याकडे बघायचं टाळलं. दुधरामनं तिच्या पदराचं टोक मुठीत धरलं होतं. रुख्मा दाराकडे बघत राहिली. आपण ज्याला अरेतुरे केलं, त्याच्याच हातात पोर आहे, हे तिला आता कळत होतं.

मग आत कोणीतरी खोकलं. बारीक खोकला. त्यामागून रडणं, घोगरं, चिडकं. आणि त्यावर डॉक्टरांचा आवाज दार फोडून बाहेर आला. "रडतेस काय भवाने? दाणे कोंबताना मजा वाटत होती? आ कर. आ कर म्हणतो ना, माकडे."

दुधरामचं तोंड उतरलं. "आता तर पोरीलेच शिव्या देऊन राहिला तो."

रुख्मा भिंतीला टेकली. पदर त्याच्या मुठीतून सोडवून घेऊन तिनं डोळ्यांना लावला.

"देऊ दे," ती म्हणाली. "पोटभर देऊ दे."